वगळण्याचा अधिकार

दिल्लीची थंडी ओसरू लागली की जुन्या मोटारींचे दिवस येतात. 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने १९६४ साली या शहरात जुन्या मोटारींची पहिली रॅली भरविली. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, कलकत्त्यासही तिची जोड मिळाली. राजधानीत दिवस काढलेल्या कितीतरी कुटुंबांच्या स्मरणात एखादा रविवार या गाड्यांनी अडवून ठेवलेला आहे. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा, १९१४ साली बांधलेला जॉन मॉरिस कंपनीचा आगीचा बंब आपल्या भरीव रबरी टायरांवर खडखडत या मेळाव्यात अनेकदा आलेला आहे. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथे जन्मलेला हा बंब एके काळी निजामाच्या राज्यातील रेल्वेच्या चाकरीत होता. म्हणजे आपणां सर्वांप्रमाणे तोही आपला मुलूख सोडून बदलीवर आलेलाच म्हणावयाचा.

आम्ही हा मेळावा प्रथम पाहिला तो नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, वडिलांचे बोट धरून. वडिलांपाशी एक याशिका कॅमेरा होता आणि त्यात वर्षाकाठी छत्तीस चित्रांचा एक रोल पडे. त्या छत्तिसांची वाटणी ते अंदाजपत्रकासारखी आधीच करून ठेवीत. गणपतीची इतकी, गावी जाऊ तेव्हाची इतकी, वाढदिवसाची दोन. जुन्या मोटारींच्या वाट्यास दहा. दहांची अकरा झालेली आम्हांस आठवत नाहीत. प्रत्येक गाडीभोवती ते आधी एक पुरती प्रदक्षिणा घालीत, सूर्य कोणत्या अंगास आहे ते पाहत, गाडीच्या दिव्यांच्या उंचीवर आपला डोळा यावा म्हणून एक गुडघा जमिनीस टेकीत, क्रोमची तिरीप भिंगात शिरणार नाही अशी जागा शोधीत, मधे आलेली माणसे बाजूस होईपर्यंत थांबत. आणि इतके सारे करून पुष्कळदा चित्र न घेताच उठत. "ही राहू दे," एवढेच म्हणत. घेतलेले चित्र कसे उतरले हे रोल संपून धुतला जाईपर्यंत, म्हणजे कधी कधी पुढच्या दिवाळीपर्यंत, कळावयाचे नाही.

आज त्याच मेळाव्यास आम्ही जातो तेव्हा गळ्यात डिजिटल कॅमेरा असतो आणि खिशात फोन. मागे एकदा घरी येऊन मोजदाद केली, तो एका सकाळीत नऊशेंहून अधिक चित्रे निघाली. त्यांतली आठशे आम्ही त्याच रात्री पुसून टाकली. उरलेल्या शंभरांत गाड्या स्वच्छ होत्या, रंग अचूक होते, चाकाच्या आऱ्या मोजून घ्याव्यात इतकी रेघ स्पष्ट होती. परंतु त्यांपैकी कोणत्या गाडीपुढे आम्ही खरोखर थांबलो होतो, ते आम्हांस सांगता येईना.

येथवर आले की निष्कर्ष जणू दारात येऊन उभाच असतो : ते दिवस संयमाचे, हे दिवस उधळपट्टीचे, तेव्हा माणसे पाहत असत, आता नुसती टिपतात. हा निष्कर्ष आम्ही मित्रमंडळींत अनेकदा ऐकला आहे आणि स्वतःही बोलून दाखविला आहे. तथापि तो इतक्या सहजी हाती येतो म्हणूनच आम्हांस त्याविषयी संशय वाटू लागला.

वडिलांचा तो संयम हा सद्गुण होता, की केवळ पगाराचा आकडा होता? घरात धान्य नाही म्हणून घडलेल्या उपवासास आपण एकादशी म्हणत नाही. ज्या टेबलावर कोणी काही देऊ करावे असे प्रकरणच कधी आले नाही, त्या टेबलामागील गृहस्थाची सचोटी कितपत खरी, याचे उत्तर कोणासही देता यावयाचे नाही. त्या गृहस्थाला तर नाहीच नाही. आम्ही अशाच एका टेबलामागे बसतो, म्हणून हे काहीशा संकोचाने लिहीत आहो. अभाव मनुष्यास आवरतो हे खरे. परंतु आवरणारा तो हात त्याचा स्वतःचा नसतो. फिल्मच्या काळी 'ही राहू दे' हे शब्द वडील बोलत होते की रोलची किंमत बोलत होती, हे त्या काळात वेगळे काढून दाखविणे शक्यच नव्हते. आणि ज्याला तेवढाही रोल परवडत नव्हता त्याच्या संयमाचे गोडवे गाणे, हे तर निव्वळ निर्दयपणाचे होईल.

उलट, डिजिटल कॅमेऱ्याने तो बाहेरचा हात दूर केला. आता चित्र न घेणे हे कोणाच्याही दारिद्र्यातून निघत नाही. घेतले नाही, तर ते आपण ठरवून घेतले नाही. या अर्थाने पाहता, संयमाची परीक्षा आज कुठे सुरू झाली आहे. त्या परीक्षेत आम्ही नऊशे गुणांनी नापास झालो ही गोष्ट निराळी. पण परीक्षाच वाईट असे त्यावरून ठरत नाही.

अभावाची सवय मात्र मनात किती खोल रुजते याचा एक मौजेचा दाखला आहे. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो भरे. एक चित्र साध्या कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास त्यास तेवीस सेकंद लागत, आणि ते चित्र शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे असे. एका फितीवर किती चित्रे ठेवावी, हा प्रश्न निघाला तेव्हा सॅसन यांनी तीस हा आकडा ठरविला; कारण फिल्मचा रोल चोवीस वा छत्तीस चित्रांचा असे, आणि तीस ही त्यांच्या मधली संख्या. फितीवर याहून अधिक मावले असते. ज्याने फिल्मचे बंधन तोडले, त्यानेच त्या बंधनाचे माप नव्या यंत्रावर आपण होऊन चढविले. पुढे ज्या कंपनीत हे घडले तिच्यावर २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, आणि ते माप कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

तेव्हा संख्येचा प्रश्न आम्ही येथेच सोडून देतो. नऊशे चित्रे घेण्यात काही पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. गाडीच्या चेसिसवरील क्रमांकाची पट्टी, एंजिनावर कोरलेले आकडे, डॅशबोर्डावरील घड्याळांची मांडणी, यांची शेकडो चित्रे आज फुकट घेता येतात, आणि दुसऱ्या शहरात तीच गाडी दुरुस्त करीत बसलेल्या माणसास ती उपयोगी पडतात. वडिलांच्या दहा चित्रांत या गोष्टींना जागाच नव्हती.

आमचे मन अडले आहे ते दुसऱ्याच ठिकाणी. घेण्याच्या ठिकाणी नव्हे, पुसण्याच्या ठिकाणी. फिल्मने घेण्यास मर्यादा घातली होती एवढेच आपण बोलतो. तिने परत घेण्यासही मर्यादा घातली होती, हे विसरतो. कळ दाबली की जे झाले ते झाले. निवड करावयाची ती कळ दाबण्यापूर्वी. त्यानंतर फिल्मवर जे उतरले ते, बरे असो वा वाईट, रोलावर आपल्या क्रमांकाने कायम. फसलेल्या चित्रासही पुढच्या-मागच्या चित्रांइतकाच हक्काचा चौकोन असे. आता निवड पुढे सरली आहे. ती कळ दाबल्यानंतर होते, आणि कितीही वेळा होते. आधी निवडणारा माणूस वस्तूपुढे थोडा वाकलेला असतो. मागाहून निवडणारा खुर्चीत बसून निवाडा करीत असतो. वगळण्याचा एवढा मोठा अधिकार हाती आला असता तो कसा वापरावा, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा नैतिक प्रश्न होय.

मोटारींच्या छायाचित्रणाच्या इतिहासातच याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रान्समध्ये झाक आंरी लार्तीग नावाच्या, विशी न ओलांडलेल्या एका तरुणाने मोटारींच्या शर्यतीत भरधाव जाणाऱ्या एका गाडीचे चित्र घेतले. त्याचा काळ बरीच वर्षे १९१२ असा छापला जाई. पुढे तो १९१३ असावा असे दिसून आले. त्याच्या कॅमेऱ्यात पडद्याची एक अरुंद फट काचेवरून सरकत जाई आणि चित्राचा एकेक पट्टा क्रमाने उजळे. वरचा पट्टा आणि खालचा पट्टा हे एकाच क्षणाचे नसत. दरम्यान गाडी पुढे गेलेली असे, आणि तरुणाने कॅमेराही गाडीच्या मागोमाग फिरविला होता. परिणाम असा झाला की गाडीचे गोल चाक पुढे कलंडलेले अंडाकृती उतरले, कडेचे प्रेक्षक व खांब मागे झुकले, आणि गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर राहिला. नियमाने पाहता चित्र साफ फसले होते. त्यानेही ते फसलेलेच समजून बाजूस ठेवले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्या सुमारास जगाला दिसले, की वेग म्हणजे काय हे त्या वाकड्या चाकाइतके कोणीच सांगितलेले नाही. मध्ये पन्नास वर्षे गेली. ती पन्नास वर्षे ते चित्र टिकले, कारण बाजूस ठेवणे म्हणजे नाहीसे करणे असा अर्थ त्या काळी होत नसे. त्या तरुणाच्या हाती आमच्या हातातला कॅमेरा असता, तर ते चित्र त्याच रात्री आमच्या आठशे चित्रांबरोबर गेले असते.

कोणी म्हणेल, अशी चित्रे लाखांत एक. तेवढ्यासाठी सारा केरकचरा जपावयाचा काय? आक्षेप रास्त आहे, आणि आम्हीही तोच केला असता. परंतु आमच्या घरात एक लहानशी गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्या जुन्या निगेटिव्ह बाहेर काढल्या व एकेक करून संगणकावर उतरविल्या. त्यांत त्या पहिल्या मेळाव्यातील एका काळ्या ऑस्टिन गाडीचे चित्र होते. फिल्मवर धूळ बसली होती, दोन-तीन ओरखडे होते. हल्ली असे डाग पुसण्यास संगणकात साधन असते. डागावर नेऊन दाबले की शेजारचा रंग येऊन तेथे बेमालूम बसतो. आम्ही डाग पुसत गेलो. गाडीच्या पुढच्या दिव्याची पाठ क्रोमच्या वाटीसारखी फुगीर होती आणि तिच्यात एक काळपट ठिपका होता, तोही पुसला; त्याच्या जागी आकाशाची स्वच्छ झाक आली. मग चित्र मोठे करून, चौकट घालून, आईस नेऊन दिले. तिने ते बराच वेळ न्याहाळले. म्हणाली, "गाडी छान आली आहे रे. पण यातले 'हे' कुठं गेले?"

फुगीर क्रोममध्ये समोरचे सारे जग लहान होऊन उतरते हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. झळझळीत गाडीच्या प्रत्येक चित्रात चित्र घेणारा कोठेतरी असतोच. दिव्यात, बंपरवर, चाकाच्या टोपीवर. पण पाहण्याच्या घाईत आम्ही तो ठिपका डागांच्या यादीत घातला होता. मूळ निगेटिव्ह पुन्हा उजेडापुढे धरली. एक माणूस गुडघा टेकून बसलेला, आणि त्याच्या खांद्याशी कपाळावर आडवा हात धरलेला एक मुलगा. आमच्या घरच्या चित्रसंग्रहात वडील जवळजवळ नाहीतच, कारण कॅमेऱ्यामागे नेहमी तेच असत. ते व आम्ही एकत्र आहो असे त्या मेळाव्याचे तेवढे एकच चित्र, आणि ते आम्ही आमच्या हाताने स्वच्छ केले होते.

या प्रसंगातून झटपट तात्पर्य काढण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण त्यास एक अडचण आहे. वडिलांच्या स्वतःच्या मते ते प्रतिबिंब हा दोषच होता. चित्र धुऊन आले तेव्हा ते म्हणाल्याचे आम्हांस स्मरते, "दिव्यात आपण आलो, पुढच्या वेळी बाजूने घ्यायला हवं." त्यांना पुसता आले असते तर त्यांनी खचित पुसले असते. मग आम्ही त्यांचीच इच्छा पुरी केली, असे का म्हणू नये? शिवाय सगळ्याच मेळाव्यांत छायाचित्रे घेणारे लोक माणसे बाजूस होण्याची वाट पाहतात. कॅमेऱ्याने ती घालविणे आणि संगणकाने ती घालविणे, यात तत्त्वतः अंतर कोणते?

अंतर आहे, असे पुष्कळ विचारांती आम्हांस वाटते. दोष कोणता आणि गुण कोणता याचा निवाडा त्या दिवशी होत नसतो, आणि तो आपण एकट्याने करावयाचाही नसतो. वडिलांच्या दृष्टीने जो डाग, तो पंचवीस वर्षांनी आईच्या दृष्टीने त्या चित्राचा सगळा अर्थ होता. मधल्या काळात गाडी बदलली नाही, फिल्म बदलली नाही. पाहणाऱ्याचे आयुष्य बदलले. जो त्याच रात्री पुसतो, तो अजून न आलेल्या पाहणाऱ्याच्या वतीने निकाल देतो, आणि त्या पाहणाऱ्याचे म्हणणे ऐकून न घेता देतो. माणसे बाजूस होण्याची वाट पाहणारा निदान त्या माणसांपुढे उभा असतो. ती आहेत हे मान्य करूनच तो थांबतो. संगणकापुढे बसून त्यांना काढून टाकणारा, ती तेथे नव्हतीच, असे म्हणत असतो. पहिल्यात निवड आहे, दुसऱ्यात साक्ष बदलणे आहे.

गंमत अशी, की ज्या गाड्यांची आपण चित्रे घेतो त्यांना आपण हाच कायदा लावतो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटून गेलेले, मूळ स्वरूपात राखलेले व ज्याच्या सांगाड्यात वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नाही असे वाहन तेवढे 'व्हिंटेज' म्हणून ओळखावे, असे त्यांत म्हटले आहे; त्यासाठी 'व्हीए' ही अक्षरे असलेली निराळी क्रमांकपट्टी ठरविली आहे. मेळाव्यांत परीक्षक बॉनेट उघडून पाहतात ते हेच, की नवे किती आणि मूळचे किती. चकाकी कितीही असली तरी मूळचे घालवून आणलेली चकाकी त्यांच्या लेखी उणीच ठरते. गाडीवरील एक खरा ओरखडा आपण इतिहास म्हणून जपावा, आणि तिच्या चित्रावरील मात्र सारे ओरखडे, सारी माणसे, खुद्द आपले प्रतिबिंबसुद्धा पुसून टाकावे, हे न्यायाचे दिसत नाही.

मग सगळेच ठेवावे काय? तेही नव्हे. सगळे ठेवणारा निवड करण्याचे टाळतो, आणि त्याच्या ढिगाखाली चांगले चित्र पुसल्याइतकेच नाहीसे होते. या बाबतीत ज्या दप्तरी कारभाराची सर्वत्र थट्टा होते, त्याच्याच काही जुन्या रीती आम्हांस शहाणपणाच्या वाटतात. फायलीवरील चुकलेला मजकूर खरवडून काढावयाचा नसतो. वाचता येईल अशी एक रेघ त्यावर ओढून शेजारी आद्याक्षरे करावयाची असतात. ई-ऑफिस आले तरी नियम तोच राहिला : टिपणी पिवळी आहे तोवर हवी तशी बदला, ती एकदा हिरवी झाली की तिला हात लागत नाही. आणि अगदी दुय्यम महत्त्वाच्या 'क' वर्गातील फाइलसुद्धा बंद झाल्या दिवशी नष्ट करीत नाहीत. तिला मुदत असते, मुदतीअंती तिची छाननी होते, आणि मगच तिचा निकाल लागतो. हे नियम ज्यांनी केले त्यांना एवढे ठाऊक होते, की लिहिणाऱ्याला आपल्या लिखाणाचे मोल त्याच दिवशी कळत नाही.

आम्ही आता हेच आपल्या चित्रांस लावून पाहत आहो. मूळ चित्रास हात लावावयाचा नाही. काही बदल केलाच, तर तो निराळ्या प्रतीवर, आणि काय बदलले ते तिच्या नावातच लिहून. मेळाव्याच्या रात्री काही पुसावयाचे नाही. पुढचा मेळावा येईपर्यंत थांबून मग छाननीस बसावयाचे. मध्यंतरी एका वर्षी आम्ही हट्टाने छत्तीसच चित्रे घेण्याचाही प्रयोग केला. तो फसला, असे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे. कारण सारी सकाळ आमचे लक्ष गाड्यांपेक्षा आपल्या व्रताकडेच अधिक होते, आणि दुपारी तो आकडा आम्ही दोन मित्रांस फोन करून सांगितला. अभावाचा संयम हा जसा आपला नव्हे, तसा मिरविण्याचा संयमही आपला नव्हे.

गेल्या वेळच्या चित्रांची छाननी आम्ही अलीकडेच केली. एका चित्रात एका जुन्या लाल गाडीचे पितळेचे भाग पुसणारा एक कामगार नेमका मध्ये आला आहे. त्याच्या पाठीने निम्मी गाडी झाकली गेली आहे. त्या सकाळी आम्ही त्याच्यावर मनातून चरफडलो होतो. वर्षभराने पाहताना लक्षात आले, की बाकीच्या साऱ्या चित्रांत जी चकाकी आहे ती याच्याच हाताची आहे, आणि तो स्वतः मात्र या एकाच चित्रात आहे. ते चित्र आम्ही ठेवले आहे.

आईकडच्या चौकटीत आता दुसरी प्रत बसविली आहे. तिच्यावर धूळ आहे, तीन ओरखडे आहेत, आणि दिव्याच्या पाठीवर तो काळपट ठिपका आपल्या जागी आहे.